एकवीस पुरचुंड्या

हे प्रकरण एका घराचं आहे. विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावरची चाळीतली भाड्याची खोली, त्यात पाच माणसं, आणि २०२० सालचे मार्च ते जुलै हे महिने. मी त्यांच्याच ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा खजिनदार. टाळेबंदीत कुणाला काय हवं ते बघायला आमची चार जणांची मदत समिती होती, तिचा हिशेब माझ्याकडे होता. या घराच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आणि ती माझ्या अक्षरात कागदावर आहे. म्हणून हे मी लिहितो आहे. घरातल्या वहिनींनी परवानगी दिली आहे. नावं घालायची नाहीत, एवढीच त्यांची अट.

भाऊ शाळेच्या बसवर ड्रायव्हर. नोकरी शाळेची नव्हे, कंत्राटदाराची. पगार महिन्याला १४,००० रुपये. वहिनी खाली रस्त्यापलीकडच्या सोसायटीत दोन घरी स्वयंपाक करायच्या, त्याचे ७,००० यायचे. भाडं ६,५००. भाऊंची आई बरोबर राहते, तिला मधुमेह आहे. थोरली मुलगी तेव्हा दहावीला, धाकटा मुलगा सातवीला. मूळचं घर नगर जिल्ह्यातलं. तिथे तीन पिढ्यांपूर्वी मिशनच्या शाळेमुळे घरात बायबल आलं आणि आजीच्या तोंडी स्तोत्रं आली. आजीला वाचता येत नाही, पण तेविसावं स्तोत्र ती झोपेतही म्हणेल.

मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या आणि बस उभी राहिली. कंत्राटदाराने मार्चचा अर्धा पगार दिला, पुढचं पुढे बघू म्हणाला. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूनंतर सोसायटीने बाहेरच्या बायकांना गेटवरच थांबवलं. म्हणजे एका आठवड्यात घरातल्या दोन्ही कमाया थांबल्या. मुलीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. महिनाभर ती भूगोलाचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत होती, असं वहिनी सांगतात.

२४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, त्यामुळे बाजारात आधीच गर्दी होती, आणि आठनंतर ती वाण्याच्या दुकानावर लोटली. वहिनींकडे २,३०० रुपये होते. त्यांनी सहा किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि तेलाची पिशवी आणली. घरात चार किलो तांदूळ आणि थोडं ज्वारीचं पीठ होतं.

रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी एक जुनी सुती साडी फाडली, तिचे एकवीस चौकोन केले आणि दहा किलो तांदूळ वाटीने मोजून एकवीस पुरचुंड्या बांधल्या. एका पुरचुंडीत अर्ध्या किलोला थोडे कमी, पाच माणसांचा एका दिवसाचा भात. त्या पत्र्याच्या डब्यात रचल्या आणि डब्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांचे शब्द त्यांनीच मला सांगितले: “प्रभू, एवढ्यात भागव. चौदा तारखेला दार उघड.”

२५ मार्च ते १४ एप्रिल, बरोबर एकवीस दिवस होतात.

*

आमची समिती मार्चअखेर कामाला लागली. रविवारची उपासना बंद म्हणजे अर्पणाची थाळीही बंद. पण हंगामाच्या सणाच्या, म्हणजे अर्पण म्हणून आलेल्या पिकाच्या, लिलावातले काही पैसे शिल्लक होते आणि नोकरी टिकलेल्या काही कुटुंबांनी वेगळी रक्कम पाठवली. २ एप्रिलला आम्ही यादी वाटून घेऊन घरोघर फोन केले. प्रश्न सगळ्यांना एकच: “काही अडचण आहे का?”

या घराचा फोन माझ्याकडे होता. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, “सलाम भाऊजी. नाही, अडचण कसली? प्रभू पुरवतो आहे.” मला बरं वाटलं. मी त्यांना सांगितलंही, की तुमच्या विश्वासाने आम्हांला धीर येतो. मग यादीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: गरज नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर एकूण नऊ घरांपुढे ‘गरज नाही’ लिहिलेलं आहे. पुढे कळलं, की त्यांतल्या चार घरांत गरज होती.

इथे थोडं थांबतो. ‘प्रभू पुरवतो आहे’ हे वाक्य आमच्या मंडळीत आम्ही रोज बोलतो. बोलणारा आपला भरवसा सांगत असतो. मी ते डब्यातल्या धान्याचं वर्णन म्हणून ऐकलं. त्यांच्या घरी तेव्हा बारा पुरचुंड्या उरल्या होत्या. वाक्य खरं होतं, मी काढलेला अर्थ खोटा होता. आणि मला वाटतं, तो अर्थ काढणं मला सोयीचंही होतं, कारण निधी थोडा आणि यादी मोठी होती. एक घर कमी झालं की बरं वाटायचं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मला फार नंतर समजली. पहिल्या फेरीत आम्ही सहा घरांना धान्य दिलं तेव्हा प्रत्येक दारात फोटो काढला होता. पैसे देणाऱ्यांना हिशेब दिसावा, एवढाच हेतू. ते फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले. त्यांतल्या एका फोटोत वहिनींच्या मुलीची वर्गमैत्रीण पिशवी धरून उभी होती. मुलीने आईला एवढंच विचारलं, “आपलापण फोटो येणार का?” त्यानंतर वहिनींनी आमच्यापाशी तोंड उघडणं शक्य नव्हतं.

*

११ एप्रिलच्या शनिवारी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की महाराष्ट्रात टाळेबंदी किमान ३० तारखेपर्यंत चालेल. डब्यात तीन पुरचुंड्या होत्या. भाऊंचं म्हणणं, तीनच्या सहा करू, अर्धपोटी राहू. वहिनींनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. त्यांनी वाण्याकडून पाव किलो रवा आणि पाव किलो साखर उधार आणली आणि शिरा केला. फोनवर उपासना झाली, सगळ्यांनी ‘प्रभू उठला आहे’ म्हटलं. सोमवारी एक पुरचुंडी सुटली, मंगळवारी शेवटची. त्याच मंगळवारी, १४ तारखेला सकाळी दहाला देशभरची टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली.

“मी देवाला तारीख दिली होती, भाऊजी,” असं वहिनी नंतर मला म्हणाल्या. “रोजची भाकर मागत होते आणि मनात एकवीस दिवसांचा हिशेब धरून बसले होते. चौदा तारखेला तो काहीतरी करील, अशी माझी खात्रीच होती.”

बुधवार, १५ एप्रिल. त्या दिवशी काहीही आलं नाही.

दारात कुणी पिशवी ठेवली नाही, कुणाचा फोन आला नाही. सकाळी कोरा चहा झाला. दुपारी ज्वारीच्या उरलेल्या पिठाची पातळ आंबील केली, ती आजी आणि मुलांना दिली. संध्याकाळी पुन्हा चहा. भाऊ दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. रात्री आठ वाजता फोनवरची प्रार्थना होती आणि त्या दिवशी ती चालवण्याची पाळी वहिनींची होती. त्यांनी ती चालवली. मी त्या फोनवर होतो. त्यांनी आजाऱ्यांसाठी, पोलिसांसाठी, नर्सेससाठी, रस्त्याने पायी गावी निघालेल्यांसाठी मागितलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” हे म्हणताना त्यांचा आवाज अडखळला होता का, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो.

आमच्याकडे साक्षी, म्हणजे देवाने काय केलं याचे अनुभव, सांगितल्या जातात त्यांत असा दिवस सहसा नसतो. साक्षीत पीठ संपतं आणि त्याच क्षणी दार वाजतं. असं घडतं, मी स्वतः पाहिलं आहे, त्याबद्दल माझी शंका नाही. पण ज्यांच्या घरी त्या दिवशी दार वाजत नाही, त्यांना आपल्या विश्वासातच काही खोट आहे असं वाटू लागतं. भाऊंना तसंच वाटत होतं. त्याच सुमारास फोनवर फिरणाऱ्या एका उपदेशात त्यांनी ऐकलं होतं, की खरा विश्वास असलेल्याच्या घरी कमी पडत नाही. हे शिक्षण चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बायबलमधल्या पत्रांत प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो, की तृप्त असणं आणि उपाशी असणं या दोन्हींचं रहस्य तो शिकला आहे. करिंथकरांना लिहिताना तर आपल्या कष्टांच्या यादीत तो तहानभूक आणि उपासही मोजतो. पौलाचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणणार आहे का?

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत एक वाक्य आहे, त्यावर आपण फार पटकन पुढे जातो. देवच त्याला ओढ्याकाठी जायला सांगतो, कावळे त्याला भाकर आणि मांस आणून देतात, आणि मग पाऊस नसल्यामुळे तो ओढा आटतो. देवाने दाखवलेला ओढा. तो आटल्यावर मग सारफथच्या विधवेकडे जा, अशी आज्ञा येते. ओढा आटताना रोज खाली जाणारं पाणी बघत एलीया तिथे बसला असणार. १५ एप्रिलचा दिवस मी तिथे ठेवतो.

*

१६ तारखेला सकाळी भाऊ उठले आणि काही न बोलता डबा घेऊन खाली गेले. महापालिकेकडून खिचडीची पाकिटं वाटली जात होती, तिथे रांगेत उभे राहिले. याआधी वहिनींनी दोनदा सुचवलं होतं, तेव्हा ते चिडले होते. तीन वर्षांपूर्वीच्या हंगामाच्या सणात याच माणसाने लिलावात एका भोपळ्याला ५०० रुपये बोली लावली होती. त्या दिवशी रांगेत पुढे-मागे त्यांच्या बसमधल्या मुलांचे दोन बाप उभे होते. दोघांनी त्यांना ओळखलं. एक म्हणाला, “काका, तुम्ही पण?” आणि जागा करून दिली. तीन पाकिटं मिळाली.

शनिवारी, १८ तारखेला, मी दुसऱ्याच एका कुटुंबाच्या किराण्याचे पैसे भरायला त्या वाण्याकडे गेलो. समितीने तोवर धान्याच्या पिशव्या भरणं सोडून दुकानात थेट पैसे द्यायला सुरुवात केली होती. वाण्याने उधारीची वही उघडली, पानं उलटताना वहिनींचं पान आलं, आणि तो आपणहून म्हणाला, “या बाईंनी येणंच बंद केलंय. मी नाही म्हटलेलं नाही हां त्यांना.”

मी ते पान वाचलं. २६ मार्चला साखर एक किलो, बटाटे दोन किलो, मीठ, चहा पावडर पाव किलो. ३१ मार्चला तेल अर्धा लिटर. ४ एप्रिलला बटाटे अर्धा किलो. ७ एप्रिलला चहाच्या पाच रुपयांच्या दोन पुड्या. ११ एप्रिलला रवा आणि साखर पाव-पाव किलो. त्याखाली पान कोरं.  मी बँकेत तीस वर्षं कारकुनी केली आहे, आकड्यांचं उतरणं मला कळतं. ‘गरज नाही’ लिहिलेल्या घराची गरज त्या पानावर तारीखवार उतरलेली होती.

तिथूनच मी चढण चढून त्यांच्या चाळीत गेलो. बोळात सुतळीवर पांढऱ्या कापडाचे चौकोन वाळत होते. मला वाटलं मास्कसाठी कापलेत. तेव्हा सगळेच घरी मास्क शिवत होते. वहिनी दारात आल्या, मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं ते काय आहे. मग बाकीचंही सांगितलं, उंबऱ्याच्या आत उभ्या राहून, खालच्या आवाजात, कारण भाऊ आत होते.

मी म्हटलं, “वहिनी, मी फोन केला होता तेव्हा का नाही सांगितलं?”

त्या म्हणाल्या, “तुम्ही अडचण आहे का विचारलं. त्या दिवशी भात होता.”

एवढं बोलणं होईपर्यंत मी आजीबद्दल विचारलं नव्हतं. तेही मुलीनेच सांगितलं: आजी मधुमेहाची गोळी अर्धी करून घेत होती, वीस दिवस. सुनेलाही माहीत नव्हतं. स्ट्रिपवर अर्ध्या गोळ्या परत गुंडाळून ठेवायची. सोमवारी तिला पालिकेच्या दवाखान्यात नेलं, साखर ३०० च्या वर निघाली. गोळ्या तिथे मोफत मिळाल्या. आधीही मिळाल्या असत्या.

*

त्यानंतर जे केलं त्यात विशेष काही नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वाण्याची उधारी समितीने भरली आणि पुढचे तीन महिने दरमहा ठरावीक रक्कम त्याच पानावर जमा केली. काय घ्यायचं ते वहिनींनी ठरवावं. फोटो नाही, ग्रुपवर नाव नाही. घरभाड्यासाठी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्येच घरमालकांना किमान तीन महिने वसुली पुढे ढकलण्याची सूचना दिली होती. ती छापून मालकाला दाखवली. तो तयार झाला. माफ केलं नाही, पण थकलेलं भाडं नंतर महिन्याला १,५०० रुपयांनी फेडायचं ठरलं.

रेशनचं प्रकरण गुंतागुंतीचं होतं आणि त्याबद्दल मंडळीत फार गैरसमज होते. एप्रिलपासून केंद्राकडून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागलं, पण ते अन्नसुरक्षा योजनेच्या यादीत असलेल्यांना. यांचं कार्ड केशरी, आणि केशरी कार्ड असलं म्हणजे ‘प्राधान्य कुटुंबात’ नाव असतंच असं नाही. शहरात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये होती. यांचं नाव नव्हतं. मात्र यादीबाहेरच्या केशरी कार्डांसाठी राज्याने मे आणि जूनकरता माणशी तीन किलो गहू ८ रुपये दराने आणि दोन किलो तांदूळ १२ रुपये दराने द्यायचं ठरवलं. पाच माणसांचे १५ किलो गहू आणि १० किलो तांदूळ, सगळे मिळून २४० रुपये. भाऊ स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले. तेवढेच दहा किलो तांदूळ. वहिनींनी ते पिंपात ओतले. पुरचुंड्या बांधल्या नाहीत.

मेमध्ये मुलगी एक दिवस शिवभोजन केंद्रावरून दोन थाळ्या घेऊन आली, तेव्हा थाळीचा दर १० वरून ५ रुपये केला होता. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. वहिनी रागावल्या नाहीत. जुलैत भाऊंनी एकाची हातगाडी भाड्याने घेऊन कांदे-बटाटे विकायला सुरुवात केली. गाडी उभी करायच्या जागेवरून पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, ते रांगेतल्या त्याच बापाने मिटवलं.

*

जूनमध्ये समितीच्या बैठकीत आमच्यातल्या एका तरुणाने प्रश्न विचारला. “दादा, मग या घराला प्रभूने पुरवलं की आपण? की सरकारने? आणि आपण दोन आठवडे झोपलो होतो, तेव्हा कोण पुरवत होतं?” पाळकसाहेब त्याला लगेच उत्तर देणार होते, मग थांबले. मला जे वाटलं ते मी इथे लिहितो. मी काही धर्मशास्त्र शिकलेला नाही.

प्रभूची प्रार्थना अनेकवचनी आहे. ‘माझी भाकर मला दे’ असं तिच्यात कुठेच नाही. मी जेवून उठल्यावर ती म्हणतो तेव्हाही मी वहिनींच्या भाकरीसाठी मागत असतो. म्हणजे १५ एप्रिलच्या रात्री त्या फोनवर तीसएक माणसं एकाच भाकरीसाठी मागत होती आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत ती भाकर टोपलीत होती. देव भाकर द्यायला विसरला होता, असं मला म्हणता येत नाही. ती माझ्या घरी येऊन थांबली होती.

इस्राएल लोकांना देवाने रानात रोज दिलेल्या मान्ना या अन्नाची गोष्ट आम्ही मुलांना शिकवतो. प्रत्येकाने माणशी एक ओमर (हे एक माप) गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. ठेवलं तर किडे पडतात. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचं आणि ते टिकतं. उद्याची चिंता न करणं हा त्या गोष्टीचा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: मोजून पाहिलं तेव्हा ज्याने फार गोळा केलं त्याचं जास्त झालं नाही आणि ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. पौल हेच वचन करिंथच्या मंडळीला लिहितो, आणि कशासाठी, तर यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी पैसे जमवताना. रानात हे देवाने चमत्काराने केलं. करिंथमध्ये पौल तेच काम मंडळीच्या थैलीकडून करून घेऊ पाहतो. देणारा दोन्हीकडे एकच आहे, असं तो धरून चालतो.

आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नान्न करत गेले. त्यांना उपास म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८८९ मध्ये त्यांनी याच मुंबईत, चौपाटीजवळ, विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती या त्यांच्या आश्रमात शेकडोंच्या जेवणासाठी त्या गुडघे टेकून मागत, आणि तिथेच विहिरी खणल्या गेल्या, भाजीपाला लावला गेला, हातमाग आणि छापखाना चालला. त्यांच्या भरवशात मोजदाद होती. त्या दारापर्यंत जाऊन पाहायच्या. मी फोनवर विचारून यादीत लिहिलं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात एक कडक वाक्य आहे: उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून लागेल ते दिलं नाही तर काय लाभ? मी वहिनींना तर तेवढंही म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या विश्वासाची स्तुती केली होती.

मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, गरज असणाऱ्याने सांगायला हवं, अभिमान हे पापच आहे. भाऊंनी रांगेत उभं राहायला इतके दिवस लावले यात अभिमान होता, हे भाऊंनाही मान्य आहे. पण ज्याच्या हातात यादी आहे त्याने उपाशी माणसाच्या अभिमानावर बोट ठेवू नये, असं मला वाटतं.

*

समितीत एक बदल झाला, तो वहिनींनी सुचवला. आता आम्ही ‘अडचण आहे का’ असं विचारत नाही. विचारतो: आज काय शिजलं? उद्याला घरात काय आहे? गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? गॅस कधी लावला? या प्रश्नांना विश्वासाने उत्तर देता येत नाही, डब्यात बघूनच द्यावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा निम्मे फोन वहिनींनी केले. त्या वेळी आमच्या यादीत ‘गरज नाही’ हा शेरा नव्हताच. रकान्यात त्या दिवशी शिजलेला पदार्थ लिहिलेला असायचा.

शाळा पूर्ण सुरू होऊन बस पुन्हा रस्त्यावर यायला भाऊंना फार थांबावं लागलं. दरम्यान मुलीची अकरावीची ऑनलाइन शाळा आणि मुलाची आठवी एकाच फोनवर झाली, आणि मुलाचं गणित त्यात जे मागे पडलं ते अजून भरून निघालेलं नाही. थकलेलं भाडं फिटायला वर्षाच्या वर लागलं. आजीची एका डोळ्याची नजर कमी झाली आहे. ती त्या वीस दिवसांमुळे की वयामुळे, हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. आजी म्हणते, तेविसावं स्तोत्र पाठ आहे, डोळे कशाला लागतात.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तो वहिनींना वाचून दाखवला. कांदे-बटाट्याच्या गाडीचा महिना त्यांनी दुरुस्त केला. एका ठिकाणी मी त्यांना ‘विश्वासाची स्त्री’ म्हटलं होतं, ते त्यांनी काढायला लावलं. मग मी विचारलं, १५ एप्रिलचं असंच ठेवू का, की त्या दिवशी निदान आंबील तरी होती, असं लिहू?

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आंबील लिहिलीच आहे तुम्ही. बाकी काही आलं नव्हतं. तसंच राहू द्या.”